शेवटच्या तोड्याची स्ट्रॉबेरी

शेवटचा पेपर झाला की ग्रुपवर मेसेज पडतो, 'उद्या पाचगणी?' दहा जण अंगठा दाखवतात, प्रत्यक्षात चार जण येतात. दिवसभर टेबललँडवर हिंडून, कणसं खाऊन, फोटो काढून झाले की परतीच्या वाटेवर तो स्टॉल दिसतो. लाल डब्यांचा मनोरा. भाव ऐकून विश्वासच बसत नाही, कारण डिसेंबरमध्ये याच पैशांत निम्मासुद्धा माल आला नसता. 'घरी पण न्यायला हवी ना यार!' म्हणत चार डब्या घेतल्या जातात. मग पसरणी घाटातली वळणं, एसटीतली गर्दी आणि मांडीवरची पिशवी. स्वारगेटला उतरेपर्यंत जीन्सवर गुलाबी डाग पडलेला असतो.

घरी डबी उघडली की वरचा थर ठीक, खालचा लगदा. एक तोंडात टाकता. आंबट. दुसरी टाकता. ती गोड, पण मऊ पडलेली. उरलेलं सगळं फ्रीजच्या कोपऱ्यात जातं. तिसऱ्या दिवशी त्यावर पांढरी लव दिसते आणि डबी कचऱ्यात. आई एवढंच म्हणते, 'सांगितलं होतं कुणी एवढी आणायला?'

ही गोष्ट तुमच्या घरात घडली असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकू. दुकानदाराने तुम्हाला फसवलेलं नाही, फळही वाईट नव्हतं. तुम्ही एप्रिलची स्ट्रॉबेरी विकत घेतली आणि तिच्याकडून डिसेंबरच्या स्ट्रॉबेरीची अपेक्षा केली. एप्रिलची स्ट्रॉबेरी ही घोटायची, मुरवायची, शिजवायची असते. ते जमलं तर वर्षातली सगळ्यात स्वस्त आणि स्वयंपाकाला सगळ्यात चांगली स्ट्रॉबेरी याच दिवसांत मिळते.

एप्रिलमध्ये असं काय होतं?

इंग्लंडमध्ये स्ट्रॉबेरी हे उन्हाळ्याचं फळ. जून-जुलैत तिथे विम्बल्डनची मॅच बघत लोक ती क्रीमबरोबर खातात. आपल्याकडे गणित उलटं. महाबळेश्वर, पाचगणी आणि आसपासच्या गावांत पावसाळा सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपं लावतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिला तोडा सुरू होतो. थंडीत फळ सावकाश पिकतं, म्हणून ते मोठं, घट्ट आणि रसरशीत होतं. मार्च उजाडला की ऊन चढतं, फळ झपाट्याने पिकतं आणि झाडही दमलेलं असतं. मग फळ लहान, मऊ आणि ओबडधोबड येऊ लागतं. मे संपता संपता पाऊस येतो. ज्या गावात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे त्यानंतर स्ट्रॉबेरीची गोष्टच नको.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग मिळाला. देशात पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा याच डोंगरावरून येतो. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या चौकात हातगाडीवर दिसणारी डबीसुद्धा बहुधा इथूनच आलेली असते. आता ही डबी शेतकऱ्याच्या बाजूने बघा. फळ लहान असो की मोठं, तोडायचं एकेक करून, हातानेच. पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांच्या वर झाडावर ठेवता येत नाही. डिसेंबरमध्ये आणि एप्रिलमध्ये मेहनत तीच, एप्रिलमध्ये भाव मात्र उतरलेला. त्यातलं जे ताजं विकलं जात नाही ते जॅम आणि सिरपच्या कारखान्यांकडे आणखी कमी दराने जातं. कारखान्यांना नेमकं काय हवं असतं? पूर्ण पिकलेलं, मऊ, रसाळ फळ. दिसायला कसंही चालतं. तेच तुमच्या स्वयंपाकघरालाही लागू आहे.

घेताना काय बघायचं?

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही. आंबा अढीत पिकतो, केळं घरात पिकतं, चिकू पिकतो. स्ट्रॉबेरी नाही. देठाजवळ पांढरी असलेली स्ट्रॉबेरी दोन दिवस ठेवली तर थोडी मऊ होईल, थोडी लालही दिसेल, गोड मात्र होणार नाही. त्यामुळे 'घरी जाऊन पिकेल' या आशेवर काही घेऊ नका.

दुसरं, डबी उलटी करून बघा. वरचा थर सगळ्यांचाच सुंदर असतो. तळाशी रस साचला असेल तर ती डबी आज संध्याकाळीच संपवायची आहे हे समजून घ्या. तळाशी लव दिसली तर ती घेऊच नका.

तिसरं, वास घ्या. डोळ्यांपेक्षा नाक खरं बोलतं. लहान, वाकडी, पण लांबूनच वास येणारी स्ट्रॉबेरी ही चकचकीत, मोठ्या, बिनवासाच्या स्ट्रॉबेरीपेक्षा सरबताला कितीतरी चांगली.

घरी आल्यावर लगेच धुवायला घेऊ नका. ओली स्ट्रॉबेरी फार लवकर खराब होते. पसरट डब्यात स्वच्छ कोरडं फडकं किंवा टिश्यू पेपर घालून एका थरात मांडा आणि फ्रीजमध्ये ठेवा. वर्तमानपत्राचा कागद नको, शाई फळाला लागते. वापरायच्या वेळी देठासकट नळाखाली नीट धुवा आणि मग देठ काढा. आधी देठ काढून धुतली तर पाणी आत शिरतं आणि चव पातळ होते.

सुरुवात एका वाटीपासून

आता कामाला लागू. यासाठी गॅस लागत नाही, मिक्सर लागत नाही, हॉस्टेलच्या वॉर्डनची परवानगीही लागत नाही. एक वाटी, एक चमचा, एक सुरी. बस.

साधारण २०० ग्रॅम, म्हणजे एक लहान डबी स्ट्रॉबेरी घ्या. प्रत्येकीचे चार तुकडे करा. त्यावर चहाच्या चमच्याने तीन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला. हलवा आणि अर्धा तास विसरून जा. परत याल तेव्हा वाटीत लालभडक रस जमलेला असेल. तुम्ही पाण्याचा एक थेंबही घातलेला नाही. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी सुटतं ना, तेच इथे साखर करते. स्ट्रॉबेरीत ९० टक्के पाणीच असतं. साखर ते बाहेर ओढून घेते आणि त्याच्याबरोबर रंग आणि वासही येतो.

लिंबू दोन कामं करतं. एक म्हणजे चव उठते. एप्रिलची पूर्ण पिकलेली स्ट्रॉबेरी कधी कधी नुसतीच गोड आणि सपक लागते, तिला आंबटाची गरज असते. दुसरं काम रंगाचं. स्ट्रॉबेरीचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते आंबटात उजळतं. खायचा सोडा घातलेल्या केकमध्ये स्ट्रॉबेरीचे तुकडे कधी कधी निळसर, मळकट दिसतात त्याचं कारण हेच, आंबटपणा मारला गेला की रंगही मरतो.

या वाटीला आपण 'मुरवण' म्हणू. बाकीच्या निम्म्या रेसिपी इथूनच निघतात. आणि हो, चाखून बघा. दर डबीची स्ट्रॉबेरी वेगळी असते. आंबट असेल तर साखर वाढवा, गोड असेल तर लिंबू. कुठलीही रेसिपी, अगदी ही पण, तुमच्या डबीला ओळखत नाही.

ग्लास पहिला: सोडा

कॅफेत 'स्ट्रॉबेरी मोहितो' म्हणून जे मिळतं, त्यात बऱ्याचदा बाटलीतलं गुलाबी सिरप असतं. आपली पिढी स्ट्रॉबेरीला आधी भेटली ती फ्लेवर म्हणूनच. खोडरबरात, खोकल्याच्या औषधात, टूथपेस्टमध्ये, आइस्क्रीममध्ये. त्यामुळे खरी स्ट्रॉबेरी तोंडात टाकल्यावर 'हिला स्ट्रॉबेरीसारखी चव नाही' असं म्हणणारेही सापडतात. खऱ्या स्ट्रॉबेरीच्या वासात शेकडो घटक असतात. सिरपमध्ये त्यातल्या मोजक्यांची नक्कल असते. एकदा खरा ग्लास करून बघा, मग ठरवा.

ग्लासात तीन मोठे चमचे मुरवण घ्या, रसासकट. चमच्याच्या पाठीने तुकडे अर्धवट चेचा. पार लगदा करू नका, थोडे तुकडे हवेत. पुदिन्याची पाच-सहा पानं तळहातावर ठेवून एकदा टाळी वाजवा आणि ग्लासात टाका. पुदिना जोरात चेचला तर कडवटपणा उतरतो, टाळीने फक्त वास सुटतो. चिमूटभर काळं मीठ, हवा तर थोडा लिंबाचा रस, बर्फ. सगळ्यात शेवटी थंडगार सोडा, ग्लासच्या कडेने हळूहळू. एकदाच ढवळा. जास्त ढवळलं की सोड्यातला गॅस उडतो आणि हातात गोड पाणी उरतं.

याचाच आपल्या मातीतला भाऊ म्हणजे जिऱ्याचा ग्लास. पुदिन्याऐवजी भाजून कुटलेलं जिरं आणि काळं मीठ, सोड्याऐवजी साधं थंड पाणी. आणि त्यात आधी भिजवलेला सब्जा. एक चमचा सब्जा वाटीभर पाण्यात १५ मिनिटं ठेवला की टपोरा फुगतो. दुपारी बाराच्या उन्हातून आलेल्या माणसाला हा ग्लास द्या, तुमच्या सबमिशनच्या फाइल्स तोच लिहून देईल.

दूध का फाटतं?

आता मिल्कशेक. हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. स्ट्रॉबेरी आणि दूध फिरवलं, फोन आला, दहा मिनिटांनी बघितलं तर ग्लासात गुठळ्या. दूध खराब होतं म्हणून दुधवाल्याला शिव्या.

दूधवाला बिचारा निर्दोष आहे. लिंबू पिळून आपण पनीर करतो ना? स्ट्रॉबेरीतही आम्ल आहे. पुरेसं आम्ल मिसळलं की दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटतं. दूध कोमट किंवा गरम असेल तर हे आणखी लवकर घडतं. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. दूध फ्रीजमधलं गार हवं. मिल्कशेकसाठीच्या मुरवणात लिंबू घालायचं नाही. आणि ग्लास भरला की लगेच प्यायचा. एका ग्लासाला सहा-सात स्ट्रॉबेरी पुरतात. अर्धं पिकलेलं केळं घातलं तर शेक दाट होतो आणि साखरही कमी लागते.

दह्याचं बरं असतं. ते आधीच विरजलेलं, त्यामुळे फाटण्याची भीती नाही. वाटीभर घट्ट दही, चार चमचे मुरवण, चिमूटभर वेलची. रवीने घुसळा. मिक्सरपेक्षा रवी चांगली, कारण स्ट्रॉबेरीचे तुकडे जिभेला लागतात. ही लस्सी उभ्याने पिऊ नका, खिडकीत बसून प्या.

गॅस पेटवायचा असेल तर

आधी एक इशारा. हॉस्टेलच्या इलेक्ट्रिक केटलमध्ये साखर, दूध किंवा फळ उकळायचा प्रयोग करू नका. साखर तळाला करपते, केटल कायमची जाते आणि धुराने सगळा मजला जागा होतो. केटल पाण्यासाठी. हे पुढचं सगळं सुट्टीत घरी गेल्यावर करायचं.

सगळ्यात उपयोगी म्हणजे पाक. अर्धा किलो स्ट्रॉबेरी, १५० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा. अॅल्युमिनियमचं पातेलं नको, आंबट पदार्थाने धातूची चव उतरते. पाणी घालू नका, दोन मिनिटांत स्ट्रॉबेरीच रस सोडेल. दहा-बारा मिनिटांत तुकडे मऊ होतील, रस किंचित दाट होईल. बंद करा. गार झाल्यावर तो आणखी दाटतो. काचेच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला तर आठवडाभर चालतो. पोळीला लावा, आइस्क्रीमवर घाला, सरबत करा.

जॅम हवा असेल तर याच अर्ध्या किलोला साखर ३५० ते ४०० ग्रॅम आणि लिंबं दोन. जॅम घट्ट होतो तो फळातल्या पेक्टिनमुळे. पेरूत ते भरपूर असतं, स्ट्रॉबेरीत कमी. त्या कमी पेक्टिनलाही धरून ठेवायला साखर आणि लिंबू दोन्ही लागतात. म्हणून 'हेल्दी' करायच्या नादात साखर निम्मी केलीत तर जॅम होणार नाही, पाकच होईल. झाला की नाही हे कसं कळणार? एक स्टीलची ताटली आधीच फ्रीजरमध्ये ठेवा. जॅमचा एक थेंब त्या गार ताटलीवर टाका, मिनिटभर थांबा आणि बोटाने ढकला. वर सुरकुती पडली तर झाला. थेंब पळाला तर अजून थोडं उकळू द्या.

शिरा, श्रीखंड आणि ठेचा

'स्ट्रॉबेरीचा शिरा? हे काय भलतंच!' असं आजी म्हणेल. तिला एक गोष्ट सांगा. आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी मुळात जंगलात कुठेच नव्हती. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर होता. चौदाव्या लुईच्या राजवटीत त्याला स्पॅनिश लोकांचे किल्ले टेहळायला दक्षिण अमेरिकेत पाठवलं होतं. १७१४ मध्ये परतताना त्याने चिलीतल्या मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची मोजकी रोपं बरोबर आणली. फ्रान्समध्ये त्यांचा उत्तर अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या स्ट्रॉबेरीशी संकर झाला आणि त्यातून हे फळ जन्माला आलं. दोन अमेरिकांची झाडं, फ्रान्समधल्या बागा, इंग्रजांची क्रीम आणि महाबळेश्वरची लाल माती. तिचा 'खरा' पारंपरिक पदार्थ कुठला, हे कोण ठरवणार? मग आपला शिराच का नको?

शिरा असा: एक वाटी रवा अर्ध्या वाटी तुपात खमंग भाजा. अडीच वाट्या गरम पाणी घाला आणि वाफ आणा. दूध नको, कारण आता तुम्हाला माहीत आहे. पाऊण वाटीपेक्षा थोडी कमी साखर घाला, पुन्हा वाफ आणा. गॅस बंद केल्यावर अर्धी वाटी पाक आणि वेलची घालून हलक्या हाताने कालवा. पाक आधीच घातला तर वास उडून जातो.

श्रीखंडाचा तर मुहूर्तही जुळतो. गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो, हापूस तेव्हा परवडत नाही आणि स्ट्रॉबेरी स्वस्त असते. अर्धा किलो घट्ट दही फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा, चाळणी पातेल्यावर, पातेलं फ्रीजमध्ये. बाहेर टांगलं तर या उकाड्यात सकाळपर्यंत आंबट होतं. रात्रभरात पाव किलोच्या आसपास चक्का मिळेल. त्यात १०० ग्रॅम पिठीसाखर फेटा. आता इथे सगळे चुकतात. कच्ची स्ट्रॉबेरी वाटून घातली की चक्का पातळ होतो, कारण तेच ९० टक्के पाणी. म्हणून स्ट्रॉबेरीचा गर आधी पातेल्यात आटवून घ्या, चमचा फिरवला की तळ दिसेल इतका. पूर्ण गार झाला की तीन-चार मोठे चमचे चक्क्यात मिसळा. जो गुलाबी रंग येईल तो कुठल्याही रंगाच्या बाटलीत मिळत नाही.

आणि त्या पांढऱ्या खांद्यांच्या, कडक, आंबट स्ट्रॉबेऱ्यांचं काय? डबीत चार-पाच असतातच. त्या पिकणार नाहीत हे आपण मघाशीच बोललो. मग त्यांना कैरीसारखं वागवा. तव्यावर दोन हिरव्या मिरच्या आणि चार लसणाच्या पाकळ्या थोड्या तेलात भाजा. खलबत्त्यात मीठ घालून ठेचा. मूठभर भाजलेले शेंगदाणे घालून पुन्हा ठेचा. शेवटी कडक स्ट्रॉबेरीचे बारीक तुकडे घालून दोनच ठोके द्या. भाकरीबरोबर खा. पहिल्या घासाला घरचे चेहरा वाकडा करतील, दुसऱ्याला वाटी पुढे करतील.

जास्त झाली तर

चार डब्या आणल्यात आणि दोनच संपल्या, तर वाट बघू नका. त्याच दिवशी फ्रीजर गाठा. धुवून, पूर्ण कोरड्या करून, देठ काढून स्ट्रॉबेऱ्या ताटात सुट्या मांडा. कडक झाल्या की पिशवीत भरा. थेट पिशवीत कोंबल्या तर एकच दगड तयार होतो. अशा दोन-तीन महिने आरामात टिकतात. बाहेर काढल्यावर त्या मऊ पडतात, त्यामुळे नुसत्या खायला मजा नाही. पण सरबतात बर्फाऐवजी त्याच टाका. बर्फ वितळला की सरबत पातळ होतं, या वितळल्या की सरबत आणखी लाल होतं. लव धरलेली मात्र बाजूला कापून वापरायची नाही. ती आणि तिला चिकटलेल्या शेजारणी सरळ टाका.

दोन आठवड्यांचा ग्लास

शेवटची गोष्ट मुद्दाम राखून ठेवली आहे.

एप्रिलमध्ये मंडईत एक छोटीशी गंमत होते. एका टोपलीत कैरी आलेली असते आणि शेजारच्या गाडीवर स्ट्रॉबेरी अजून संपलेली नसते. एक फळ येतंय, एक निघालंय. दोघांची गाठ फार तर काही आठवडे पडते. त्या आठवड्यांत हे पन्हं करा.

एक मध्यम कैरी कुकरला उकडा. गर काढून घ्या. सात-आठ पिकलेल्या स्ट्रॉबेऱ्या चेचून त्यात मिसळा. नेहमीच्या पन्ह्यापेक्षा थोडा कमी गूळ घाला, वेलची, चवीला मीठ. चार ग्लास गार पाणी. गुळाने रंग तांबूस होतो. लालच हवा असेल तर साखर वापरा, पण चव गुळाचीच भारी. कैरीचा आंबटपणा पुढे येतो आणि घोट गिळल्यावर मागे स्ट्रॉबेरीचा वास राहतो.

हे पन्हं बाटलीत मिळत नाही. डिसेंबरमध्ये करता येणार नाही, कारण कैरी नसते. जूनमध्येही नाही, कारण डोंगरावर तोपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो आणि पुढच्या हंगामाच्या रोपांची तयारी चालू असते.

तेव्हा या वर्षी घाटाच्या आधीच्या त्या स्टॉलवर थांबलात, तर मोठ्या, देखण्या डबीसाठी घासाघीस करत बसू नका. मागे ठेवलेली लहान, वाकड्या, घमघमणाऱ्या स्ट्रॉबेरीची डबी मागा. पिशवी मांडीवर सरळ धरा. घरी पोचलात की बूट काढायच्या आधी ती फ्रीजमध्ये ठेवा, आणि त्याच रात्री एक वाटी साखरेत मुरायला घाला.

जीन्सवरचा डाग? तो पडणारच. लगेच गार पाणी लावा.